बाबासाहेबांचा पराभव आणि कुजवलेली मते

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ज्यांचा पराभव अनेकांना अनपेक्षित वाटला, त्यांत राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे एक होते. जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबई मतदारसंघातून ते लोकसभेसाठी उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण सदोबा काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले. हा निकाल वादग्रस्त ठरला व प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले. बाबासाहेबांच्या चरित्रात या प्रसंगाला सहसा दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. मात्र मताच्या हक्कासाठी आयुष्य वेचलेल्या या माणसाची पारख याच प्रसंगात झाली.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभच मताधिकाराच्या प्रश्नाने झाला. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. मालमत्ता व शिक्षण यांच्या अटींवर मत देण्याच्या त्या काळात ज्यांच्यापाशी दोन्ही नव्हते, त्यांचा आवाज कायदेमंडळात पोहोचणे अशक्य होते. १९२७ मध्ये ते स्वतः मुंबई कायदेमंडळात गेले, परंतु ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. पुढच्याच वर्षी सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. गोलमेज परिषद आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार हे याच लढ्याचे पुढचे टप्पे होते. त्या करारान्वये प्रांतिक कायदेमंडळांत दलितांसाठी १४८ जागा राखीव झाल्या.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पुढील वर्षीच्या निवडणुकीत पक्षाचे १७ पैकी १४ उमेदवार निवडून आले आणि बाबासाहेबही मुंबईतून विजयी झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात त्यांचा पक्ष व कम्युनिस्ट एकाच बाजूला होते. हे सख्य मात्र टिकले नाही. १९४६ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मोठा पराभव पत्करावा लागला. बाबासाहेबांना घटना समितीत जाण्यासाठी बंगालचा आधार घ्यावा लागला, आणि फाळणीने ती जागाही गेल्यावर ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत मिळाले, तेव्हा १९१९ मध्ये सुरू झालेला प्रवास पूर्ण झाला.

हिंदू संहिता विधेयकाच्या प्रश्नावरून १९५१ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिपद सोडून बाबासाहेब निवडणुकीला सामोरे गेले. फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली होती. उत्तर मुंबई हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता; त्यातील एक जागा सर्वसाधारण, तर दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव होती. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, आणि मतदाराने दोन मते दोन निरनिराळ्या उमेदवारांना द्यावीत असा नियम होता. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत पडल्या, तर एक बाद होई. यालाच लोक मत कुजवणे म्हणू लागले. युतीच्या वतीने सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता उभे होते, तर कम्युनिस्टांच्या वतीने श्रीपाद अमृत डांगे रिंगणात होते.

काजरोळकरांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. अंतर १४,५६१ मतांचे होते. बाद झालेल्या मतांची संख्या मात्र ७४,३३३ होती, म्हणजे अंतराच्या पाचपटीहून अधिक. डांगे यांच्या बाजूने मते कुजवण्याचा प्रचार झाल्याचा आरोप करून बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणूक रद्द करण्यासाठी अर्ज केला. तो न्यायाधिकरणाने फेटाळला. बाबासाहेबांना लोकसभेत जाता आले नाही. त्याच वर्षी मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर निवडून गेले.

त्याच निवडणुकीत हैदराबाद राज्यात निराळे चित्र दिसले. किनवट आणि राजुरा हे मराठी भाग तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. या आदिलाबादने समाजवादी पक्षाचे सी. माधव रेड्डी यांना लोकसभेत पाठवले. गोदावरीपलीकडच्या करीमनगर या द्विसदस्यीय मतदारसंघातून फेडरेशनचे एम. आर. कृष्णा निवडून आले. फेडरेशनला लोकसभेत अवघ्या दोन जागा मिळाल्या. दुसरी सोलापूरची, पां. ना. राजभोज यांची. मुंबईत खुद्द नेता पराभूत झाला असताना निजामाच्या राजवटीतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या मुलखातील मतदारांनी त्याच्या पक्षाला साथ दिली.

दोन वर्षांनी, मे १९५४ मध्ये, तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पुन्हा उभे राहिले. हाही द्विसदस्यीय मतदारसंघ होता आणि सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहताच होते. या वेळी आपल्या मतदारांनी केवळ बाबासाहेबांना मत द्यावे आणि दुसरे मत कुजवावे, असा सल्ला काही सहकाऱ्यांनी दिल्याचे चरित्रकार नोंदवतात. मुंबईतील अनुभवानंतर हा सल्ला अस्वाभाविक नव्हता. बाबासाहेबांनी तो नाकारला. घटनेच्या शिल्पकाराने तिने दिलेले मत वाया घालवण्यास सांगणे त्यांना मान्य नव्हते. त्यापेक्षा पराभव पत्करण्याची त्यांची तयारी होती. अशोक मेहता विजयी झाले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी हरले.

त्यांनी पुन्हा लोकसभेची निवडणूक लढवली नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ज्या पद्धतीमुळे मत कुजवणे शक्य झाले, ती द्विसदस्यीय मतदारसंघांची पद्धत संसदेने १९६१ मध्ये कायदा करून रद्द केली. मुंबईत अन्याय झाला असे वाटले, तेव्हा बाबासाहेबांनी कायद्याने दिलेल्या मार्गानेच दाद मागितली. ज्या कृत्याविरुद्ध तक्रार केली होती, तेच भंडाऱ्यात स्वतःच्या सोयीचे असतानाही त्यांनी केले नाही. लोकसभेच्या दोन्ही निवडणुका ते हरले. पण मत हे मतदाराचे असते, उमेदवाराच्या डावपेचाचे साधन नव्हे, हा १९१९ पासूनचा आपला आग्रह त्यांनी त्या पराभवांतही सोडला नाही.