दुसरे कर्वे

कर्वे म्हटलं की आपल्याला महर्षी धोंडो केशव आठवतात. जुहूला कॅम्पस असलेलं एसएनडीटी विद्यापीठ त्यांचंच. त्यांचा थोरला मुलगा रघुनाथ मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांना 'ध्यासपर्व' सिनेमामुळेच माहीत आहे, तोही पाहिला असेल तर!

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे ते गणिताचे प्रोफेसर झाले, गिरगाव चौपाटीच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले. एम-थ्रीची केटी लागलेल्यांनी इथे हात जोडावेत. पण त्यांना वेगळाच प्रश्न सतावत होता. त्या काळी मूल नको असेल तर बाईने करायचं काय? मुकाट्याने बाळंतपण, नाहीतर चोरून गर्भपात. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३१२ असं, की बाईचा जीव वाचवायचा असेल तरच गर्भपात माफ, एरवी गुन्हा. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा गुन्हेगार! मग ती डॉक्टरकडे कशी जाणार? चोरट्या उपायांत जीव जायचा. कर्व्यांचं म्हणणं सरळ होतं. ही वेळच येऊ नये, दिवस राहू द्यायचे की नाही हे बाईला आधीच ठरवता यावं.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचा दवाखाना उघडला तो त्याच वर्षी, म्हणजे आपण काही मागे नव्हतो. कॉलेजला मात्र हे झेपलं नाही. १९२५ मध्ये नोकरी गेली. स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही हे त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी मिळून ठरवलं होतं. मालतीबाईंवर खरं तर वेगळा लेख हवा, त्यांच्या साथीशिवाय यातलं काहीच जमलं नसतं.

१९२७ पासून शेवटपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. लोक चारचौघांत विचारता न येणारे प्रश्न पत्राने विचारत आणि हे चक्क छापून उत्तर देत. (आमच्या शाळेत तो धडा टीचरनी घरी वाचा म्हणून सोडून दिला होता!) अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, मासिक चालूच राहिलं.

१४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आला १९७१ मध्ये. संततिनियमनाचं साधन फसलं, हे कारण त्यात धरलं होतं, पण फक्त विवाहित बाईसाठी. ती अट जायला २०२१ उजाडलं. आणि २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतून अविवाहित मुलीला वगळता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं २०२२ मध्ये.