फादर स्टीफन्स यांचा गोव्यातला पहिला नाताळ

गेल्या वर्षीचा नाताळ मी पहिल्यांदाच घराबाहेर काढला. आमचं घर नगरचं. तिकडे डिसेंबर म्हणजे स्वेटर, कानटोपी, पहाटेची शेकोटी आणि गाणी म्हणत घरोघर जाणारी आमची मंडळी. इथे गोव्यात परीक्षेमुळे अडकले होते आणि हॉस्टेलच्या खोलीत चक्क पंखा चालू होता. मध्यरात्रीच्या मिस्साला गेले. कोंकणी प्रार्थना अर्ध्या कळल्या, अर्ध्या डोक्यावरून गेल्या. रात्री आईचा फोन आला आणि रडूच फुटलं.

पुढे जानेवारीत आपल्या मंडळाच्या बैठकीत फादर थॉमस स्टीफन्स यांचा विषय निघाला. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे इंग्रज फादर, एवढंच मला शाळेपासून माहीत होतं. या वेळी मात्र तारखा ऐकल्या आणि मनात हिशेब सुरू झाला.

त्यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातला. वडील लंडनचे व्यापारी. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून जगणं कठीण झालं होतं. स्टीफन्स रोमला गेले आणि 1575 मध्ये येशूसंघात दाखल झाले. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा तांडा निघाला, त्यात ते होते. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला, उकाड्याने जीव नकोसा झाला. पुढे आफ्रिकेला वळसा घातल्यावर स्कर्व्हीने गाठलं. त्यांच्या जहाजावर 150 हून जास्त माणसं आजारी पडली, 27 दगावली. साडेसहा महिन्यांनी, 24 ऑक्टोबरला, जहाज गोव्याला लागलं.

10 नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात प्रवास आहे, समुद्रातले मासे आणि पक्षी आहेत, गोव्याची माणसं आहेत. आणि पुढे 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात तर नारळाच्या झाडाचं भरभरून कौतुक आहे! एकाच झाडापासून तेल, दारू, व्हिनेगर, दोर हे सगळं मिळतं, याचं त्यांना केवढं नवल वाटलं होतं.

पत्रानंतर 45 दिवसांनी नाताळ आला. परतीची जहाजं साधारण जानेवारीच्या सुमारास निघत आणि पोचायला पुन्हा सहा महिने लागत. म्हणजे नाताळाच्या दिवशी मुलगा जिवंत पोचला की नाही, हेसुद्धा लंडनला माहीत नव्हतं. हा हिशेब झाला तेव्हा आईचा पाच मिनिटांचा फोन मला फार मोठा वाटला.

माझी परीक्षा संपली की घरी जाता येतं. त्यांची वाट मात्र बंदच होत गेली. 1585 मध्ये इंग्लंडने कायदा केला, त्यानुसार येशूसंघाच्या फादरने देशात पाऊल ठेवणं हाच राजद्रोह ठरला. ते गोव्यातच राहिले. 1619 मध्ये वारले, तोपर्यंत जवळजवळ चाळीस नाताळ त्यांनी इथे काढले. बरीच वर्षं ते साष्टीत होते.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाणं बरोबर नाही. त्याच साष्टीतली देवळं 1560 च्या दशकात पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती. स्टीफन्स घरापासून दूर आले होते, पण ज्यांच्यात ते राहत होते त्यांचं ओळखीचं जग तर घरात बसल्या बसल्याच हिरावलं गेलं होतं. आमची पुराणं काढून घेतलीत, मग आम्ही वाचायचं काय, असं विचारणारा एक जण खुद्द ‘ख्रिस्तपुराणा’तच भेटतो. हा प्रश्न त्यांनी दडपला नाही, ग्रंथात येऊ दिला, हे मला विशेष वाटतं.

लोकांना लोकांच्याच छंदात काही द्यायचं म्हणून ते भाषा शिकले. कोंकणीचं व्याकरण लिहिलं, आणि कोंकणी शब्द मिसळलेल्या मराठीत जवळजवळ 11 हजार ओव्या रचल्या. 1616 मध्ये रायतूरला तो ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. त्याच्या दुसऱ्या भागात येशूजन्माची कथा आहे. ज्या माणसाला पहिल्या नाताळाला इथली भाषा परकी होती, त्याने 37 वर्षांनी इथल्या लोकांच्या हाती नाताळाची गोष्ट ओवीतून ठेवली.

घरची आठवण येणं त्यामुळे थांबलं असेल, असं मी म्हणणार नाही. पण नुसतं आठवत बसण्यापेक्षा त्यांनी समोरच्या माणसाची भाषा धरली.

गेल्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीच्या आईने डबा पाठवला होता. दोदोल आणि नेवऱ्या. नेवरी पाहिली तर आपली करंजीच की! तेव्हा मी ती मुकाट्याने खाल्ली, आभारसुद्धा धड मानता आले नाहीत. यंदाही परीक्षा आहे, यंदाही मी इथेच. पण या वेळी नेवऱ्या करायला मी त्यांच्या घरी जाणार आहे, आणि आभार कोंकणीतून मानणार आहे. चुकले तर हसतील, हसू देत!