विश्लेषण : नोबेल हुकलेल्या मोझेस कुनिट्झ यांच्यामुळे ‘ट्रिप्सिन’चे कुलूप कसे सापडले?

जेवणातील डाळ, अंडी, मासे यांतील प्रथिने पोटात गेल्यावर त्यांचे तुकडे करण्याचे काम स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन हे विकर (एन्झाइम) करतात. पण स्वादुपिंड स्वतःही प्रथिनांचेच बनलेले असते. मग ते स्वतःलाच का पचवत नाही? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी अक्षरशः बाटलीत पकडून दाखवले, त्यांत मोझेस कुनिट्झ यांचे नाव अग्रभागी आहे. जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव माहीत असते, त्या नावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

कुनिट्झ यांचा जन्म १८८७चा, स्लोनिम गावातला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज बेलारूसमध्ये आहे. १९०९मध्ये ते अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कमध्ये दिवसा पोटापाण्याचे काम आणि संध्याकाळी कूपर युनियन संस्थेत शिक्षण, अशी त्यांची पहिली काही वर्षे गेली. १९१३मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये प्रसिद्ध शास्त्रज्ञ जॅक लोब यांच्या हाताखाली ते लागले, तेही तंत्रज्ञ म्हणून. नोकरी करता करता कोलंबिया विद्यापीठाची पीएचडी मिळाली तेव्हा १९२४ साल उजाडले होते आणि कुनिट्झ ३६ वर्षांचे होते. त्याच वर्षी लोब वारले. पुढे त्यांची जोडी जमली ती जॉन नॉर्थ्रॉप यांच्याशी. नॉर्थ्रॉप वयाने लहान, हुद्द्याने मोठे. दोघे संस्थेच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत गेले.

वाद काय होता?

विकर म्हणजे नेमके काय, यावरच तेव्हा एकमत नव्हते. रिचर्ड विल्श्टेटर यांच्यासारखे नोबेलविजेते जर्मन रसायनशास्त्रज्ञ म्हणत, की विकर हे प्रथिन नव्हेच. प्रथिन हे फक्त त्याला वाहून नेणारे गाठोडे. १९२६मध्ये जेम्स समनर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले, तरी अनेकांचा विश्वास बसला नाही. १९३०मध्ये नॉर्थ्रॉप यांनी जठरातील पेप्सिनचे स्फटिक केले. स्वादुपिंडाचा गुंता सोडवण्याचे काम मुख्यतः कुनिट्झ यांच्या वाट्याला आले.

हे काम नाजूक होते. कत्तलखान्यातून आणलेले गुरांचे स्वादुपिंड तसेच राहिले तर त्यातील विकर जागे होऊन सगळाच चिखल करतात. म्हणून ते ताबडतोब थंडगार, सौम्य गंधकाम्लात टाकायचे. मग अमोनियम सल्फेट हे क्षार थोडे थोडे वाढवत एकेक प्रथिन खाली बसवायचे, गाळायचे, पुन्हा विरघळवायचे. अशा चिकाटीतून १९३०च्या दशकात कायमोट्रिप्सिन, ट्रिप्सिन आणि त्यांची ‘झोपलेली’ रूपे म्हणजे कायमोट्रिप्सिनोजेन व ट्रिप्सिनोजेन स्फटिकरूपात हाती आली.

स्फटिक मिळाला म्हणजे पदार्थ शुद्धच, असे नाही. त्यासाठी दोघांनी एक साधी पण पक्की कसोटी वापरली. शुद्ध पदार्थ पाण्यात ठरावीक मर्यादेपर्यंतच विरघळतो. त्यापुढे कितीही टाका, विरघळलेले प्रमाण तेवढेच राहते. मिश्रण असेल तर ते वाढत जाते. कुनिट्झ यांचे स्फटिक या कसोटीला उतरले. विकर प्रथिनच असतात, हे मान्य होण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

मग स्वादुपिंड वाचते कसे?

पहिला बंदोबस्त झोपेचा. ट्रिप्सिन निष्क्रिय रूपात तयार होते आणि आतड्यात पोचल्यावर एन्टेरोकायनेज त्याला जागे करते. धोका असा, की जागे झालेले थोडेसे ट्रिप्सिन उरलेल्या ट्रिप्सिनोजेनलाही जागे करत सुटते. हा वणवा आतच पेटला तर स्वादुपिंडाला गंभीर दाह होऊ शकतो. म्हणून दुसरा बंदोबस्त रोधकाचा. १९३६मध्ये कुनिट्झ आणि नॉर्थ्रॉप यांनी गुरांच्या स्वादुपिंडातूनच असे छोटे प्रथिन वेगळे केले, जे ट्रिप्सिनला चिकटून त्याला निकामी करते. माणसाच्या स्वादुपिंडातही असाच, पण वेगळ्या घराण्यातील पहारेकरी असतो.

हे कुलूप बसते कसे, ते नंतर कळले. ट्रिप्सिनच्या मर्मस्थानी सेरीन हे अमिनो आम्ल असते; म्हणून हा वर्ग ‘सेरीन प्रोटिएज’. शेजारचे हिस्टिडीन सेरीनचा प्रोटॉन काढून घेते, अ‍ॅस्पार्टेट हिस्टिडीनला आधार देते आणि धारदार झालेले सेरीन प्रथिनाची साखळी तोडते. रोधक त्याच खाचेत भक्ष्य असल्यासारखा शिरतो. मात्र अवघ्या ५८ अमिनो आम्लांचा हा गडी गंधकाच्या तीन पुलांनी इतका घट्ट बांधलेला असतो, की तो सहसा तुटतही नाही आणि सुटतही नाही. भक्ष्यच घशात अडकते म्हणा ना.

सोयाबीनचा संबंध काय?

१९४५मध्ये कुनिट्झ यांनी सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधकाचे स्फटिक मिळवले. कच्चे सोयाबीन का मानवत नाही, याचे एक कारण हेच. उष्णतेने हा रोधक बराचसा निष्प्रभ होतो. मराठवाडा-विदर्भात पिकणारे सोयाबीन भाजून किंवा शिजवूनच खावे आणि पेंडही उष्णता देऊनच जनावरांना घालावी, असे सांगतात त्यामागे हेच रसायन आहे.

१९४६चे रसायनशास्त्राचे नोबेल समनर, नॉर्थ्रॉप आणि वेंडेल स्टॅनली यांना मिळाले. कुनिट्झ यादीत नव्हते. पारितोषिक तिघांपुरतेच असते, हे खरे. पण स्वादुपिंडातील विकरांवरचे त्यांचे काम पाहता ही उणीव खटकतेच. १९४८मध्ये नॉर्थ्रॉप यांच्या स्फटिकी विकरांवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा लेखक म्हणून कुनिट्झ यांचेही नाव छापले गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले ते १९६७मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी.

त्यांनी वेगळा केलेला स्वादुपिंडातील रोधक ‘अ‍ॅप्रोटिनिन’ नावाने हृदयशस्त्रक्रियेतील रक्तस्राव कमी करण्यासाठी वापरला गेला. २००७मध्ये सुरक्षिततेच्या शंकांमुळे त्याची विक्री थांबवण्यात आली. १९७७मध्ये संगणकावर प्रथिनाच्या अणूंची हालचाल पहिल्यांदा दाखवली गेली, तीही याच रेणूची. पुढच्याच वर्षी, १९७८मध्ये, कुनिट्झ यांचे निधन झाले. आफ्रिकेतील मांबा सापाच्या विषात आणि माणसाच्या रक्तातही याच घडणीचे प्रथिनांचे भाग सापडतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘कुनिट्झ डोमेन’ म्हणतात.