वाल्डेमार हाफकिन आणि त्यांची लस

टेंभी नाक्याजवळील विठ्ठल सायन्ना यांच्या नांवाचें सरकारी रुग्णालय ठाण्यांतील बहुतेक मुलांना ठाऊक आहे. लस टोचून घेतलेल्या बाळाला खांद्याशीं धरून नाक्यावरून घरीं जाणारी आई आपण सर्वांनींच पाहिली असेल. त्या रात्रीं बाळाचें अंग तापतें, टोचलेली जागा लाल होऊन सुजते, आणि घरांतील वडील मंडळी लसीला बोल लावतात. हा ताप कोठून येतो? तें समजावें म्हणून आम्ही आज एका अशा पुरुषाचें चरित्र सांगणार आहों, कीं ज्यानें तो ताप स्वतःच्या अंगावर ओढवून घेतला.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. तेथील विद्यापीठांत मेचनिकॉफ हे त्यांचे गुरु. मेचनिकॉफ यांनीं १८८२ सालीं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगांत गुलाबाचा कांटा टोचून पाहिलें, तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा घोळका जमलेला दिसला. सूज ही केवळ व्याधि नव्हे, ती शरीराची संरक्षणाची हालचाल आहे, हा विचार त्यांतून निघाला. शिष्यानें १८८९ सालीं गुरूंच्या मागोमाग पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट गांठली. आरंभीं तेथें ग्रंथालयाचें काम मिळालें. तेंही त्यांनीं स्वीकारलें. १८९२ सालीं पटकीची लस तयार होतांच ती त्यांनीं प्रथम स्वतःस टोचली, आणि १८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. लोक आगगाडीनें शहर सोडून पळूं लागले. कल्याण स्टेशनावर उतारूंची तपासणी होऊं लागली. सरकारनें हाफकिन यांस बोलावून घेतलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना मिळालेली जागा अगदींच तुटपुंजी होती. मांसाच्या रसांत तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनीं प्लेगचे जंतु वाढविले. तुपाखालीं जंतूंच्या लोंबत्या तारा धरत. त्या हलवून पाडल्या कीं पुन्हां नव्या धरत. आपल्या घरांतलें तूप असें प्लेगच्या कामीं आलेलें पाहून आम्हांस मोठी मौज वाटते! मग तो रस तापवून जंतु मारीत, आणि मेलेले जंतु व त्यांचें विष मिळून लस होई.

१० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ती दहा घनसेंटिमीटर इतक्या मोठ्या मात्रेनें स्वतःस टोचविली. कडक ताप भरला, टोचलेली जागा ठणकूं लागली. त्यांना हें अनपेक्षित नव्हतें. ताप किती चढतो यावरून मात्रा पुरेशी झाली कीं नाहीं हें ते ठरवीत. तापाचें कारण मात्र त्यांच्या हयातींत कोणासच नीट उलगडलें नाहीं.

आज तें उलगडलें आहे. शरीरांतील पेशी एकमेकींस निरोप पाठवितात. हे निरोप म्हणजे सायटोकाइन नांवाचीं सूक्ष्म प्रथिनें. त्यांस आम्ही शरीराचे जासूद म्हणूं. मेलेला जंतु दिसतांच भक्षक पेशी कांहीं जासूद सोडतात. त्यांच्यामुळें रक्तवाहिन्या रुंदावून पाझरूं लागतात. हीच ती लाली व सूज. तेच जासूद रक्तावाटे मेंदूस वर्दी देतात आणि मेंदु अंगाची ऊब वाढवितो. इकडे दुसऱ्या पेशी जंतूचे तुकडे काखेंतील गांठींत नेतात. तेथें लाखों टी पेशी असतात. पैकीं तो तुकडा जिला ओळखूं येईल तीच जागी होते. इंटरल्युकिन-२ हा जासूद तिला स्वतःसारख्या असंख्य पेशी निर्माण करावयास लावतो. मग कांहीं टी पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडून भक्षक पेशींचा जोर वाढवितात, कांहीं प्रतिद्रव्यें बनविणाऱ्या पेशींस कामाला लावतात. काम झालें कीं इंटरल्युकिन-१० सारखे जासूद दवंडी पिटून सैन्य परत बोलावितात. ही परतीची दवंडी न पिटली तर सैन्य आपलाच मुलूख लुटतें. २०२० सालच्या कोविडच्या साथींत कित्येक रोग्यांची तशी दशा झाली.

प्लेगचा जिवंत जंतु मोठा कावेबाज. तो आरंभींच या जासुदांचीं तोंडें बंद करितो, म्हणून शरीरास उशिरां जाग येते. मेलेल्या जंतूस तें साधत नाहीं.

त्याच जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. सुमारें निम्म्या कैद्यांनीं स्वखुशीनें टोचून घेतलें. न टोचलेल्यांत रोगी व मृत्यु अधिक झाले. १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत प्रयोगशाळा थाटली गेली, आणि लस लाखोंनीं निघूं लागली.

पुढें दैव फिरलें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस टोचलें. त्यांतील एकाच बाटलीची लस घेतलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. त्या १९ घरांचें दुःख कोणत्याही निकालानें भरून येणारें नव्हतें. चौकशीनें दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, आणि हाफकिन यांस काम सोडून जावें लागलें. वास्तविक त्या गांवांतच बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करितां वापरला गेला होता. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत त्यांची बाजू मांडली, तेव्हां कोठें ते निर्दोष ठरले. ते परत आले, पण मुंबईस नव्हे, कलकत्त्यास. आणि तेथें लस करण्याचें काम त्यांच्या हातीं राहिलें नाहीं. पांच वर्षें जो कलंक वाहिला त्याची भरपाई झाली असें आम्हांस वाटत नाहीं.

१९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपांत गेले. त्यांनीं लग्न केलें नाहीं. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें, तेव्हां ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें त्यांचा अंत झाला.