विष्णुदास भावे

विष्णू अमृत भावे ऊर्फ विष्णुदास भावे (मृत्यू: ९ ऑगस्ट १९०१) हे मराठी नाटककार, पद्यकार, सूत्रधार, नाटक मंडळीचे चालक आणि कळसूत्री बाहुल्यांचे कारागीर होते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे त्यांनी सीतास्वयंवर या आख्यानाचा प्रयोग केला. या प्रयोगापासून आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ मानला जातो आणि भावे यांना मराठी रंगभूमीचे जनक म्हटले जाते. नाटककार म्हणून त्यांची ओळख सर्वत्र असली, तरी रंगमंचावरचे त्यांचे प्रत्यक्ष काम आवाजाचे होते. पात्रे सोंगे घेऊन वावरत आणि त्यांची पदे सूत्रधार गात असे. राम, सीता, रावण, राक्षस अशा सर्वांची पदे रात्रभर एकाच कंठातून निघत.

बालपण

विष्णुदासांचे वडील अमृतराव भावे हे सांगली संस्थानच्या चाकरीत होते. सांगली हे त्या वेळी नवे संस्थान होते. चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन कृष्णाकाठी आपली गादी स्थापन केली होती. गणपतीचे देऊळ, वाडा, पदरी गवई, कीर्तनकार, शास्त्री व कारागीर असा तेथील दरबाराचा थाट होता. या वातावरणात वाढलेल्या विष्णुदासांचे मन पाठशाळेत फारसे रमले नाही. गोष्टी रचणे, पदे जुळवणे आणि हाताने वस्तू घडवणे यांकडे त्यांचा ओढा होता. औपचारिक शिक्षण बेताचे असूनही पुराणकथांचा साठा त्यांच्याजवळ विपुल होता. कीर्तन आणि पुराणश्रवण नित्याचे असलेल्या गावात तो कानावाटे आपोआप जमत असे.

बाहुल्यांचा छंद

लाकूड कोरून बाहुल्या तयार करणे, त्यांचे सांधे दोऱ्यांनी जोडणे आणि वरून सूत्रे ओढून त्यांना चालवणे हा भावे यांचा आवडता छंद होता. एखाद्या दरबारी नोकराच्या मुलाने सुताराचे हत्यार हाती घ्यावे, हे त्या काळच्या ब्राह्मणी घरात कौतुकाने पाहिले जाण्यासारखे नव्हते. तरीही भावे यांनी हा नाद सोडला नाही. त्यांच्या बाहुल्या केवळ शोभेच्या नव्हत्या. मान, खांदे, कोपरे वेगवेगळे हलतील आणि एकेका हालचालीसाठी स्वतंत्र दोरी असेल, अशी त्यांची रचना होती.

महाराष्ट्रात कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जुनी आहे. ज्ञानेश्वरीत साइखड्याची, म्हणजे दोरीने नाचणाऱ्या बाहुलीची, उपमा आढळते. दक्षिण कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने हा खेळ आजवर जपला आहे. या खेळात बाहुली मुकी असते. दोरी धरणारा कलावंतच तिची पदे म्हणतो, तिचे संवाद बोलतो, स्त्रीपात्र आल्यास आवाज बारीक करतो व राक्षस आल्यास घोगरा करतो. सूत्रधार या शब्दाचा मूळ अर्थ दोरी धरणारा असाच असावा आणि संस्कृत नाटकाची मुळे बाहुल्यांच्या खेळात असावीत, असे मत रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने मांडले होते. हे मत सर्वांना मान्य झालेले नाही. मात्र भावे यांच्यापुरते पाहिल्यास बाहुलीची दोरी धरणारा आणि नाटकातील सूत्रधार हे दोघे एकाच माणसात खरोखर एकत्र आले होते.

भागवत मंडळी आणि सीतास्वयंवर

१८४२ मध्ये कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. हे खेळ यक्षगानाच्या वळणाचे होते. यक्षगानात भागवत नावाचा गायक कथा गातो आणि सोंगे घेतलेली पात्रे तिच्यावर नृत्य व अभिनय करतात. खेळ पाहून अप्पासाहेबांना ही पद्धत आवडली. पण तिच्यातील ओबडधोबडपणा त्यांना खटकला. असे खेळ मराठीत आणि अधिक नीटनेटके व्हावेत, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली व हे काम विष्णुदासांकडे सोपवले.

विष्णुदासांनी रामायणातील सीतास्वयंवराची कथा निवडून तिच्यावर पदे रचली, चाली बसवल्या, मुले व तरुण जमवले आणि त्यांना तालीम दिली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत अप्पासाहेबांसमोर पहिला प्रयोग झाला. तो यशस्वी ठरल्यावर भावे यांनी रामायण, महाभारत व भागवत यांतील कथांवर एकामागून एक आख्याने रचली.

पहिले मराठी नाटक कोणते, हा वादाचा विषय आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी सतराव्या शतकाच्या अखेरीसच मराठी नाटके लिहिली गेली होती आणि शहाजी राजांचे लक्ष्मीनारायणकल्याण हे त्यांतील प्रसिद्ध आहे. दक्षिण कोकणातील दशावतारही भावे यांच्या आधीचा आहे. परंतु तंजावरच्या नाटकांचा महाराष्ट्रातील पुढच्या रंगभूमीशी सलग संबंध राहिला नाही आणि दशावतार गावच्या जत्रेशी बांधलेला राहिला. सांगलीतून निघालेली वाट मात्र पुढे अखंड चालू राहिली. आरंभाचा मान भावे यांना दिला जातो तो या कारणाने, आणि तो योग्यच म्हणावा लागेल.

प्रयोगाची पद्धत

भावे यांच्या प्रयोगात आरंभी सूत्रधार झांज व मृदंगाच्या साथीने मंगलाचरण म्हणत असे. त्यानंतर झाडाचा पाला बांधलेला विदूषक नाचत प्रवेश करी व सूत्रधाराशी त्याची थट्टामस्करी चाले. मग गजाननाचे आणि त्यामागून मोरावर बसलेल्या सरस्वतीचे आगमन होई. दोघांची स्तुती झाल्यावर मुख्य आख्यान सुरू होत असे.

प्रत्येक पात्राच्या प्रवेशाचे वर्णन सूत्रधार पदातून करी. पात्राच्या मनातील शोक, क्रोध, शृंगार हेही तोच गात असे व पात्र त्यावर हावभाव करी. पद संपले की पात्र त्याच आशयाचे भाषण स्वतःच्या शब्दांत करी. ही भाषणे लिहिलेली नसत. कथेचा धागा आणि पदाचा अर्थ एवढ्यावर नट उभा राहत असे. त्यामुळे एकाच आख्यानाचे दोन प्रयोग सारखे होत नसत आणि कच्चा नट अडखळला तर त्याला सावरून घेण्याचे ओझे सूत्रधारावरच येई. नटांचे देवपार्टी, राक्षसपार्टी आणि स्त्रीपार्टी असे वर्ग असत. स्त्रियांच्या भूमिका मुलगे करीत. राक्षसांच्या आरोळ्या, तलवारींचा खणखणाट आणि थयथयाट हे प्रेक्षकांचे मोठे आकर्षण होते. या आरोळ्यांवरूनच पुढच्या पिढीतील शिकलेल्या लोकांनी या नाटकांना थट्टेने अललडुर्र नाटके असे नाव दिले.

एकाने गायचे आणि दुसऱ्याने अंग हलवायचे, ही विभागणी मराठी मुलखाला परकी नव्हती. कोकणात, महाड-पोलादपूरच्या डोंगराळ गावांपासून रत्नागिरीपर्यंत, जाखडी किंवा बाल्या नाचात गाणारा व मृदंग वाजवणारा मध्ये बसतो आणि नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. कीर्तनकार तर एकटाच सर्व पात्रांचा आवाज होतो. भावे यांनी या ओळखीच्या सवयीला रामायणाचे भरजरी रूप दिले. सांगलीतील प्रेक्षकांना हा नवा प्रकार तत्काळ कळला, याचे एक कारण तेच असावे.

सूत्रधाराचे काम किती कष्टाचे होते, हे आज ध्वनिवर्धकाच्या काळात सहज लक्षात येत नाही. खेळ तेलाच्या दिव्यांच्या उजेडात चाले व रात्र सरेपर्यंत लांबे. वाड्याच्या चौकात किंवा मांडवात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचवायचा, मृदंग व झांजेच्या वर आवाज ठेवायचा, पद चुकू द्यायचे नाही आणि तेवढ्यात पुढच्या पात्राची तयारी झाली की नाही यावरही नजर ठेवायची, अशी ती नोकरी होती. भावे यांच्याकडे याखेरीज रचनाकाराचे, तालीम मास्तरचे आणि मंडळीच्या चालकाचे कामही होते. गणपतीची सोंड, सरस्वतीचा मोर, रावणाची दहा तोंडे अशा सामग्रीवर चालणाऱ्या या नाटकांत बाहुल्या घडवणाऱ्याचे कसब वाया जाणारे नव्हते.

राजाश्रयाचा अंत

१८५१ मध्ये अप्पासाहेब पटवर्धन यांचे निधन झाले. गादीचे वारस धुंडिराव ऊर्फ तात्यासाहेब त्या वेळी अल्पवयीन होते व संस्थानचा कारभार इतरांच्या हाती गेला. नाटक हा अप्पासाहेबांच्या आवडीचा विषय होता. कारभाऱ्यांच्या दृष्टीने तो केवळ खर्चाची बाब होता. नाटक मंडळींचा आश्रय तुटला. आपले आयुष्य दरबाराच्या भरवशावर या कामी लावलेल्या मंडळींपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला आणि कर्जाचा भार भावे यांच्यावर आला. भिक्षुकी, शेती किंवा कारकुनी हे मार्ग मोकळे होते. भावे यांनी मंडळी मोडली नाही व ती घेऊन सांगलीबाहेर पडण्याचे ठरवले.

हा निर्णय धाडसाचा होता. त्या काळी सोंग घेऊन पैसा मिळवणे प्रतिष्ठितांत हलके समजले जाई. राजाच्या आज्ञेने वाड्यात केलेल्या खेळाला एक आवरण होते, ते परमुलखात उरणार नव्हते. शिवाय पैसे देऊन नाटक पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकाला नव्हती. मराठी रंगभूमी व्यवसाय म्हणून उभी राहिली ती या अडचणीतून. अप्पासाहेब आणखी दहा वर्षे जगते तर भावे यांचे नाटक कदाचित सांगलीच्या वाड्यातच राहिले असते.

दौरे

भावे यांची मंडळी पुणे व इतर गावी खेळ करीत मुंबईस पोहोचली. त्या वेळी देशावरून मुंबईस जाण्यासाठी रेल्वे नव्हती. बोरघाटातून आगगाडी सुरू झाली ती १८६३ मध्ये. सोंगांचे पेटारे, कपडे, वाद्ये आणि मुलांसह सगळा लवाजमा घाटरस्त्याने न्यावा लागत असे. मुंबईत बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, त्याच वर्षी भावे यांच्या मंडळीने ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केला. हे नाट्यगृह जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर उभे होते व तेथे प्रामुख्याने इंग्रजी खेळ होत. इंद्रजितवध हे आख्यान तेथे सादर झाले.

मुंबईचा प्रेक्षक सांगलीसारखा नव्हता. त्यात पारशी, गुजराती व इंग्रज लोक होते. त्यांच्यासाठी भावे यांनी राजा गोपीचंद हे हिंदी नाटकही केले. आधुनिक हिंदी रंगभूमीच्या इतिहासातही त्यामुळे त्यांचे नाव घेतले जाते. १८५३ च्या ऑक्टोबरमध्ये पारशी नाटक मंडळीचा पहिला खेळ याच नाट्यगृहात झाला. ग्रँट रोडवर त्या वर्षी जे सुरू झाले, त्याचा धागा पुढे पारशी रंगभूमीमार्गे हिंदी चित्रपटापर्यंत पोहोचतो.

यशाबरोबर स्पर्धाही आली. नाटकाचा धंदा होतो असे दिसल्यावर ठिकठिकाणी मंडळ्या निघाल्या. आळतेकर, इचलकरंजीकर व कोल्हापूरकर या त्यांतील प्रमुख होत. भावे यांच्या आख्यानांवर आणि त्यांच्या पद्धतीवर या मंडळ्यांनी गावोगाव खेळ केले. लेखकाच्या हक्काची रूढी तेव्हा नव्हती, त्यामुळे या खेळांतून भावे यांना काही मिळण्याची व्यवस्थाही नव्हती.

निवृत्ती व उत्तरायुष्य

सुमारे दहा वर्षांच्या भ्रमंतीनंतर १८६० च्या दशकाच्या आरंभी भावे यांनी नाटकाचा व्यवसाय सोडला व ते सांगलीस स्थिर झाले. याच सुमारास रंगभूमीही बदलू लागली होती. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांनी थोरले माधवराव पेशवे हे नाटक लिहिले. त्यात पात्रांची भाषणे आधीच लिहिलेली होती. ही बुकिश नाटके रुजली तशी पात्रांच्या वतीने गाणाऱ्या सूत्रधाराची गरज कमी झाली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पुण्यात शाकुंतल रंगमंचावर आणले, तेव्हा पात्रे आपली पदे आपणच गाऊ लागली आणि सूत्रधार नांदीपुरता उरला.

भावे हे सर्व बदल हयातीत पाहत होते. १८८५ मध्ये त्यांच्या पदांचा नाट्यकवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात पन्नासहून अधिक आख्यानांची पदे आहेत. भाषणे उत्स्फूर्त असल्याने ती नटांबरोबर गेली. आज वाचायला मिळतो तो भावे यांच्या नाटकाचा सूत्रधाराच्या मुखातील भाग. केवळ वाचताना ही पदे काहीशी सरधोपट वाटतात. ती मृदंगावर म्हणण्यासाठी रचलेली आहेत, हे लक्षात घेऊनच त्यांचे मूल्यमापन करणे इष्ट.

९ ऑगस्ट १९०१ रोजी भावे यांचे निधन झाले.

स्मृती

५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. सांगलीतील नाट्यगृहास विष्णुदास भावे यांचे नाव देण्यात आले आहे. तेथील अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समितीतर्फे ज्येष्ठ रंगकर्मींना विष्णुदास भावे गौरवपदक प्रदान केले जाते. बालगंधर्व हे या पदकाचे पहिले मानकरी होत.

भावे यांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्या त्यांच्यामागे अनेक दशके वापराविना पडून होत्या. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या मिळवल्या, त्यांची दुरुस्ती केली, दोऱ्या नव्याने बांधल्या आणि त्यांचे प्रयोग केले. पाध्ये यांचे वडील यशवंत पाध्ये हे भारतातील शब्दभ्रमकलेचे एक आद्य कलावंत आणि अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचे जनक होते.