२२व्या वर्षी प्रकाशाचं कोडं सोडवलं, पण जगाने दखल घेतली तेव्हा पंचरत्नम हयात नव्हते

प्रकाशाला जास्तीची मिती देता येते, असं आजचे शास्त्रज्ञ सांगतात. जागा वाढत नाही, तर प्रकाशाचे वेगवेगळे रंग चाळीतल्या खोल्यांसारखे ओळीने मांडले जातात. हीच कृत्रिम मिती. यामागच्या गणिताची एक कडी १९५६ साली एका भारतीय तरुणाने शोधली होती.

त्यांचं नाव शिवरामकृष्णन पंचरत्नम. जन्म ९ फेब्रुवारी १९३४, कोलकाता. सर सी. व्ही. रामन त्यांचे मामा. मामांच्याच बेंगळुरूच्या संस्थेत ते स्फटिकांवर काम करू लागले.

प्रकाशाची लहर ठराविक दिशेने थरथरते, याला ध्रुवीकरण म्हणतात. पंचरत्नम यांनी दाखवलं, की हे ध्रुवीकरण टप्प्याटप्प्याने बदलून पुन्हा मूळ जागी आणलं, तरी लहरीच्या तालात फरक पडतो.

कसा? इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर काठी पूर्वेकडे रोखून फेरी मारा. परत आल्यावर काठी पूर्वेकडेच असेल. आता उत्तर ध्रुवावरून विषुववृत्तावर या, थोडं बाजूला सरका आणि पुन्हा ध्रुवावर जा. वाटेत काठी जराही वळवली नाही, तरी तिची दिशा बदललेली असते. कारण पृथ्वी गोल आहे. ध्रुवीकरणाचं गणितही अशाच एका गोलावर मांडता येतं.

हा शोध भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. पण बाहेर कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. पंचरत्नम पुढे म्हैसूरला आणि तिथून १९६४ मध्ये ऑक्सफर्डला गेले. २८ मे १९६९ रोजी, अवघ्या ३५व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

१९८४ मध्ये ब्रिटनच्या मायकेल बेरी यांनी अशीच कल्पना क्वांटम भौतिकीत मांडली आणि ती जगभर गाजली. मग १९८६ मध्ये रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी पंचरत्नम यांचं जुनं काम पुढे आणलं. बेरी यांनीही १९८७ च्या लेखात त्यांना मोकळेपणाने श्रेय दिलं. आज ‘पंचरत्नम-बेरी फेज’ हे नाव रूढ आहे.

प्रकाशावर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबक त्याला वळवू शकत नाही. पण रंगांच्या त्या खोल्यांमधून फेरी मारताना तालात ठरवून फरक पाडला, तर प्रकाश चुंबकीय क्षेत्रात असल्यासारखा वागतो. मग तो कडेकडेने धावतो आणि वाटेतल्या बारीक दोषांनी मागे फिरत नाही. फेरी पूर्ण झाली तरी काहीतरी बदललेलं असतं, हे पंचरत्नम यांनी तिशीही गाठण्याआधी ओळखलं होतं.