वामनदादांचे शेवटचे कडवे

जयंतीच्या मंचावर वेळ कमी पडला की गायक पहिली दोन कडवी म्हणतात आणि शेवटचे सोडून देतात. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात तरी समाजबांधवांनी हे चालू देऊ नये. त्यांची सही शेवटच्या कडव्यात असते.

सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव. जन्म १५ ऑगस्ट १९२२. आई सईबाई, वडील तबाजी. वडील लवकर गेले. १९३० साली नाशकात काळारामाचा सत्याग्रह पेटला, १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. हा सारा काळ वामनच्या बालपणाचा. पण शाळा काही त्याच्या वाट्याला आली नाही.

पोटासाठी मुंबई गाठली. शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत राहणे, मिळेल ती मजुरी. एकदा कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले. धडधाकट तरुण, पण एक अक्षर ओळखता येईना! ती लाज जिव्हारी लागली. देहलवी मास्तरांनी मुळाक्षरे गिरवून घेतली. जोडाक्षरे त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचत पक्की केली. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरबंदी होती, त्याचा महाकवी असा रस्त्यावर शिकला.

त्यांना सिनेमाचे वेड होते. ३ मे १९४३ रोजी रचलेले पहिले गाणेही हिंदी सिनेगीताचे विडंबन, निव्वळ गंमत. त्याच वर्षी नायगावला बाबासाहेबांचे दर्शन झाले आणि लेखणीची दिशाच बदलली. लोकांच्या ओठी बसलेल्या चाली त्यांनी सोडल्या नाहीत. त्यांत शब्द चळवळीचे भरले. काही पंडितांना हे हलके वाटते. वाटो! दिवसभर राबलेल्या बाईला बाबासाहेब कळले ते या चालींवरच.

वाटचाल हा पहिला संग्रह आला १९७३ साली, पहिल्या गाण्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. तोवर गाणी गावोगाव पोचली होती, तीही तोंडोतोंडी. पुस्तक नाही, म्हणून नाव गाण्यातच ओवायचे. चोखोबाने अभंगात, कबीराने दोह्यात हेच केले.

१९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १५ मे २००४ रोजी नाशकात ते गेले. त्यांची गाणी हजारांत मोजली जातात. सगळी काही छापली गेलेली नाहीत. कित्येक अजून गायकांच्या वह्यांत आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ओठांवर आहेत. ती उतरवून घेणाऱ्याने शेवटच्या कडव्यापर्यंत बसावे.